तिसरा तास

"अक्कलकोटची गाडी किती वाजता?"

दुकान उघडून जेमतेम अर्धा तास झाला होता. दारात एक वयस्कर गृहस्थ उभे होते. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी, कपाळावर घामाच्या धारा. मी खुर्चीतून उठलो आणि 'या, बसा' म्हणालो. ते काही बसले नाहीत.

"सव्वादहाची गेली असेल," मी म्हणालो. "आता पावणेअकराला आहे. फलाट सहा. पण बसायला जागा हवी असेल तर अकरा वाजून दहाची धरा, ती इथूनच सुटते."

"पाटी लावलीत ते बरं झालं बघा," असं म्हणून ते निघून गेले. माझ्या नव्या धंद्याचं हे पहिलं गिऱ्हाईक.

पाटीवर लिहिलं होतं, 'बिराजदार वेळापत्रक सल्लागार'. सोलापुरात मे महिन्याच्या उन्हात, झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी ती लावली होती. पहिल्या तीन आठवड्यांत पंधरा-वीस माणसं येऊन गेली असतील. त्यातल्या बहुतेकांना गाड्यांच्या वेळा हव्या होत्या आणि मला त्या तोंडपाठ होत्या, त्यामुळे मी सांगतही होतो. एक बाई मुलीच्या साखरपुड्याचा मुहूर्त काढायला आल्या. मला पंचांग कळत नाही म्हटल्यावर, मग एवढी मोठी पाटी कशाला, असं विचारून गेल्या.

अठरा वर्षं मी एसटीच्या विभागीय कार्यालयात वेळापत्रकं बसवायचं काम केलं होतं. कुठली गाडी कुठून निघेल, कुठे मुक्काम करेल, चालक कुठे बदलेल, एवढंच रात्रंदिवस डोक्यात. ते मला मनापासून आवडायचं. माझी बायको सुवर्णा एका मोठ्या हॉस्पिटलात परिचारिका. त्यांच्या वॉर्डात ड्युट्यांवरून रोज भांडणं व्हायची, म्हणून एकदा रविवारी बसून मी तिच्या वॉर्डाचा ड्युटीचा तक्ता करून दिला. महिनाभरात भांडणं थांबली. मेट्रननी मग सगळ्याच वॉर्डांचे तक्ते मागून घेतले. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की वेळापत्रक फक्त गाड्यांना लागतं असं नाही. दवाखान्यांना लागतं, शाळांना लागतं, कारखान्यांना लागतं, आणि सगळीकडे ते कुणीतरी वैतागून, नाइलाजाने करत असतं. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

सुवर्णा नाही म्हणाली नाही. तिने एकच अट घातली. एक वर्ष. वर्षात बस्तान बसलं नाही तर गपचूप कुठेतरी नोकरी धरायची आणि पाटी माळ्यावर टाकायची.

मे संपत आला तेव्हा पहिलं खरं काम चालत आलं. पद्मजा येमूल, पूर्व भागातल्या एका मुलींच्या प्रशालेच्या मुख्याध्यापिका. त्यांची मामेबहीण सुवर्णाच्या वॉर्डात परिचारिका होती, तिच्याकडून माझं नाव त्यांना कळलेलं. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या, पदराने वारा घेतला आणि सांगू लागल्या. अठरा तुकड्या, एकोणतीस शिक्षक, एक प्रयोगशाळा, एकच मैदान. दरवर्षी जूनमध्ये वेळापत्रकावरून शिक्षक खोलीत रुसवेफुगवे होतात. आतापर्यंत पर्यवेक्षक कटगावकर सर हे सगळं सांभाळत होते, पण ते निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला गेले. आता हात लावायला कुणी तयार नाही. त्यांनी जुनं वेळापत्रक माझ्यापुढे ठेवलं.

"शक्यतो असंच ठेवा," त्या म्हणाल्या. "अगदीच नाही जमलं तिथेच बदला."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. जुनं आहे तसंच ठेवायचं असेल तर मला कशाला बोलावलं, असं मला वाटलं. नव्याने धंद्यात पडलेल्या माणसाला कमी काम करणं हा अपमान वाटतो.

मी बारा दिवस त्या कागदावर बसलो. माझ्या हिशेबी शिक्षक म्हणजे गाड्या आणि वर्ग म्हणजे थांबे. कुणाला लागोपाठ चार तास, कुणाला दिवसाच्या दोन्ही टोकांना एकेक तास, कुणाला सारखं खालीवर. असा सगळा गुंता होता. आणि दोन दिवसांत मला त्या गुंत्याची गाठ सापडली. भूगोलाचे म्हेत्रे सर आणि हिंदीच्या मुजावर बाई. सोमवार ते शनिवार, रोज तिसऱ्या तासाला हे दोघंही मोकळे. शिवाय म्हेत्रे सरांचे सगळे तास तळमजल्यावर. या दोन गोष्टींपायी बाकी सगळं वेडंवाकडं झालं होतं. विज्ञानाच्या बाईंना लागोपाठ चार तास पडत होते ते यामुळेच. गणिताच्या सरांना रोज शेवटचा तास, तेही यामुळेच. एसटीत रिकामी धावणारी गाडी म्हणजे पाप. इथे तर दोन गाड्या रोज एकाच वेळी आगारात उभ्या होत्या.

मी गाठ सोडली आणि पुढचं सगळं आपोआप उलगडत गेलं. कुणालाही सलग दोनपेक्षा जास्त तास नाहीत. कुणाचाही मोकळा तास रोज एकाच वेळी नाही. मैदानावर एका वेळी एकच वर्ग. रंगीत पेन्सिलींनी भरलेला तो तक्ता मी घरी भिंतीवर लावून दोन दिवस नुसता बघत होतो. सुवर्णा म्हणाली, "आता त्याला उदबत्ती तेवढी ओवाळायची राहिलीय."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शिक्षकांची सभा होती. संस्थेचे सचिव गड्डम वकील मुद्दाम आले होते. व्यंकटेश गड्डम, दिवाणी वकील, बारीक चणीचे, पांढरा सदरा, प्रश्न विचारताना समोरच्याच्या भुवयांकडे बघायची सवय. त्यांच्या संस्थेच्या सात शाळा होत्या आणि सातही शाळा त्यांना वचकून असायच्या. मी तक्ता समजावून सांगितला. वकीलसाहेबांनी चष्मा लावून तो पंधरा मिनिटं वाचला, एक-दोन ठिकाणी बोट ठेवून विचारलं, मी उत्तरं दिली. मग ते सगळ्यांसमोर म्हणाले की शिस्त म्हणतात ती ही. आणि जाता जाता मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. मग उरलेल्या सहा शाळांचंही तुम्हीच करा."

माझे पाय जमिनीवर नव्हते. पण एक गोष्ट मला खटकली. ज्यांचे चार तासांचे दोन झाले त्या विज्ञानाच्या बाईंच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. गणिताचे सर खाली मान घालून बसले होते. कुणी तक्रार केली नाही, कुणी आभारही मानले नाहीत. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि म्हेत्रे सरांकडे मात्र कुणी बघत नव्हतं. मला वाटलं, जुन्या माणसांना नवीन काही पचायला वेळ लागतो.

शाळा सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी मी सहज चक्कर मारली. काम दिलं की त्याची धाव बघायची, ही माझी एसटीतली सवय. मधली सुट्टी चालू होती. पटांगणात मुलींचा गलका, शिक्षक खोलीत डबे उघडलेले. कोपऱ्यातल्या टेबलाशी मुजावर बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, काटक, नाकावर चष्मा. त्यांचा डबा बंदच होता. पुढ्यात वह्यांचा गठ्ठा. शेजारी म्हेत्रे सर, उंच, केस पूर्ण पांढरे, हात मांडीवर ठेवून ताठ बसलेले. बाई हळू आवाजात वाचत होत्या. "प्रश्न तिसरा. भीमा नदीच्या उपनद्या लिहा. लिहिलंय, नीरा, सीना, घोड आणि कृष्णा."

"कृष्णा उपनदी कशी होईल? भीमाच कृष्णेला मिळते," सर म्हणाले. "तीन बरोबर. दीड गुण. कुणाची वही?"

"सातवी ब. अंबिका."

"तिला सांगायला हवं. पुढे?"

बाईंनी लाल पेनाने दीड लिहिलं, वही सरांपुढे सरकवली, त्यांच्या हातात पेन दिलं आणि बोट धरून पेनाचं टोक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवलं. सरांनी सही केली. ती सही तिरकी होऊन शेवटच्या ओळीवर चढली.

भूगोलाचे शिक्षक वह्या वाचू शकत नव्हते.

मी तसाच मागे फिरलो. येमूल बाईंच्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. त्यांनी माझा चेहरा बघितला. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, शक्यतो असंच ठेवा."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी सरांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला आणि तो वाढत गेला. कडेचं दिसतं. दार दिसतं, फळा दिसतो, मुली रांगेत बसल्यात हे दिसतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. अक्षरं वाचता येत नाहीत, चेहरे ओळखू येत नाहीत, जिना चढताना पायऱ्या मोजाव्या लागतात. सुवर्णाने नंतर मला सांगितलं की याला फारसा इलाज नसतो. कटगावकर सरांनी तेव्हा कुणाला काही न सांगता वेळापत्रकात तो तिसरा तास घालून ठेवला. शमीम मुजावर बाई रोज त्या तासाला सरांना वह्या वाचून दाखवायच्या, उत्तरपत्रिका वाचून दाखवायच्या, नवीन पुस्तक आलं की अख्खं पुस्तक वाचून दाखवायच्या. सर गुण सांगायचे, बाई लिहायच्या. आणि बाकीच्या लोकांनी आपले तास वेडेवाकडे पडू दिले. सहा वर्षं. रुसवेफुगवे बाकी सगळ्यावरून झाले, यावरून कधीच झाले नाहीत.

"मला सांगितलं असतं तर?" मी म्हणालो.

"तुम्ही वकीलसाहेबांसमोर समजावून सांगणार होता. तिसरा तास का, हेही सांगितलं असतंत."

ते खरं होतं. मी सांगितलं असतं, तेही अभिमानाने.

मी विचारलं, की सरळ नियमाने काही नाही का करता येणार? बाई म्हणाल्या, कदाचित येईल. अर्ज, दाखले, तपासण्या, आणि मग सरांना कार्यालयात एक खुर्ची मिळेल. सरांना ते नको आहे. त्यांची दोन वर्षं राहिलीत. त्यांना वर्गात उभं राहून निवृत्त व्हायचंय.

पण माझं समाधान होत नव्हतं. माणूस कितीही चांगला असला तरी समोर पन्नास मुली बसलेल्या असतात. त्यांचं नुकसान होत असेल तर हे लपवणं बरं नाही, असं माझं मन म्हणत होतं. मी बाईंना म्हटलं, मला सरांचा एक तास बघू द्या.

दुसऱ्या दिवशी सरांचा तास सातवी बवर होता, पहिल्या मजल्यावर. अर्थातच माझ्या कृपेने. सर कठडा धरून, ओठ हलवत वर आले. मी सगळ्यात मागच्या बाकावर मुलींच्या बाजूला अंग चोरून बसलो होतो. सर आत आले, मुली उभ्या राहिल्या, बसल्या. सरांनी मान किंचित तिरकी केली.

"मागे कोण मोठं माणूस बसलंय? बाक करकरला."

मुली हसल्या. मी उठून नाव सांगितलं. "बसा, बसा," ते म्हणाले, "आज भीमेवरून खाली जायचंय, चला आमच्याबरोबर."

मग त्यांनी खडू घेतला, फळ्याला डावा हात टेकवून अंदाज घेतला आणि एका दमात, खडू न उचलता महाराष्ट्राची कड काढली. कोकणचा किनारा, वरचा सातपुडा, पूर्वेचं टोक. इतकी नेटकी की छापल्यासारखी. त्यात डोंगरातून एक रेघ निघाली आणि वळत वळत आली. जिथे थांबली, तिथे त्यांनी विचारलं, "इथे कुठलं गाव, सविता?" सविता उत्तरली. "आणि इथे? नाही, सविता नको. खिडकीकडची, जिला आज सर्दी झालीय ती." ती मुलगी दचकून उभी राहिली. पस्तीस मिनिटं एकही मुलगी वहीत तोंड खुपसून बसली नव्हती, कारण सर वहीतलं काही सांगतच नव्हते. अंबिका नावाच्या मुलीला त्यांनी फळ्याजवळ बोलावलं, तिचा हात धरून खडू नदीवरून खाली नेला आणि कृष्णेला मिळवला. "आता सांग, कोण कुणाला मिळालं?" ती म्हणाली, भीमा कृष्णेला. "झालं तर मग," ते म्हणाले. "कालचा अर्धा गुण तुला परत."

मी अठरा वर्षं गाड्यांचे रस्ते आखले होते. नदी अशी वळते हे मला त्या दिवशी कळलं.

तास संपल्यावर ते वऱ्हांड्यात माझी वाट बघत थांबले होते.

"तुमचं वेळापत्रक चांगलं आहे, बिराजदार," ते म्हणाले. "सगळ्यांनी सांगितलं मला. ते बदलू नका. मुजावर बाईंनी सहा वर्षं एक तास मला दिला, आता मधली सुट्टीही द्यायला लागल्यात. त्यांचं जेवण राहतं. हे काही खरं नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"राजीनामा द्यायचं ठरवलंय. मजकूर तयार आहे. फक्त तो लिहून द्यायला बाई नाही म्हणतात." ते जरा हसले. "दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचा तर त्याला आधी कारण सांगावं लागेल. तुम्हाला कारण माहीत आहे. तुमचं अक्षर कसं आहे?"

"वाईट आहे," मी म्हणालो. माझं अक्षर चांगलं होतं.

त्या शनिवार-रविवारी मी घरचा तक्ता भिंतीवरून काढला आणि परत गाठ मारायला बसलो. सोडवायला बारा दिवस लागले होते, मारायला दोन लागले. पण आता ती नुसती परत मारायची नव्हती. तिचं ओझं एक-दोघांवरच पडू नये म्हणून मी सोमवारी शाळेत जाऊन एकेका शिक्षकाला बाजूला घेतलं. कुणाला काय चालेल, कुणाला काय अजिबात चालणार नाही, आणि का. पहिल्या वेळेला मी चिठ्ठ्या वाटल्या होत्या आणि त्यात 'का' हा रकानाच ठेवला नव्हता. गाडीला कुणी कारण विचारत नाही. आता तोंडाने विचारल्यावर कळलं की गणिताच्या सरांना शेवटचा तास नको होता, कारण त्यांना आईला डायलिसिसवरून आणायला जायचं असे, पण फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीचे दिवस ते आनंदाने घेणार होते. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, लागोपाठ तीन चालतील, चौथा मात्र नको, पाय सुजतात. चित्रकलेच्या सरांनी स्वतःहून दोन तास वरच्या मजल्यावर घेतले. असं करत करत जुन्यापेक्षा बरं आणि माझ्या सुंदर तक्त्यापेक्षा वाकडं असं एक वेळापत्रक तयार झालं. तिसऱ्या तासाला दोन रकाने रोज कोरे. म्हेत्रे सरांच्या सगळ्या तुकड्या तळमजल्यावर.

जुलैपासून ते लागू झालं. मुजावर बाई मधल्या सुट्टीत डबा उघडू लागल्या. सरांनी राजीनाम्याचं नाव काढलं नाही.

आणि ऑगस्टमध्ये मला येमूल बाईंचा निरोप आला की वकीलसाहेब शाळेत आलेत आणि तुम्हाला बोलावतायत.

मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी शेजारी पसरलेले होते. वकीलसाहेबांनी पहिल्यावर बोट ठेवलं.

"हे मी मंजूर केलं होतं. हे बरोबर होतं. दुसरं कुणी केलं?"

"मीच."

"बाईंनी सांगितलं म्हणून?"

येमूल बाई काहीतरी बोलायला गेल्या. मी आधीच म्हणालो, "नाही. माझं मी केलं."

"का?"

"पहिल्यात चूक होती."

"मी वाचलं होतं ते. चूक नव्हती. उलट दुसऱ्यात आहे." त्यांनी तिसऱ्या तासावरून बोट फिरवलं, सोमवार ते शनिवार. "हे दोन शिक्षक एकाच वेळी रिकामे. रोज. एसटीत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला हे दिसलं नाही, हे मी मानायचं?"

त्यांनी माझ्या भुवयांकडे बघितलं. कारण सांगितलं असतं तर मी हुशार ठरलो असतो आणि सहा शाळा हातात आल्या असत्या. काही बनावट कारण सांगायचं तर समोर पस्तीस वर्षं उलटतपासण्या घेतलेला माणूस होता. माझ्याकडे तिसरं एकच उत्तर उरलं होतं.

"दिसलं," मी म्हणालो. "पण मला ते बसवता आलं नाही."

"बसवता आलं नाही?"

"नाही साहेब. पहिलं कागदावर छान दिसलं. शाळेत चाललं नाही. माझा अंदाज चुकला. याच्यापेक्षा चांगलं मला जमत नाही."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मग सहा शाळांचं तुम्हाला कसं जमणार?"

"जमणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी दुसऱ्या तक्त्यावर, खाली, माझी सही मागितली. ज्याचं काम त्याची सही, म्हणाले. मी केली. स्वतःच्या नावावर चूक कबूल करणारी माझी आयुष्यातली ती एकमेव सही असेल, आणि ती मी शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात केली.

घरी आल्यावर सुवर्णाला सांगितलं की सहा शाळा गेल्या. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "वर्षाचे अजून नऊ महिने आहेत की."

त्या नऊ महिन्यांत काय काय केलं ते सांगत बसलो तर वेगळीच गोष्ट होईल. पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक केलं, एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघराचं केलं, एका दातांच्या दवाखान्याचं केलं, तिथे तर पेशंट वेळेवर यायला लागल्यामुळे डॉक्टरच गोंधळले. कुठेही गेलो की आधी कागद काढायचा नाही, आधी एकेकाशी बोलायचं, अशी पद्धत पडली. फोन नंबर कुठून मिळाला म्हणून विचारलं तर बऱ्याचदा उत्तर यायचं की त्या प्रशालेतल्या अमक्या बाईंच्या जावेने दिला, तमक्या सरांच्या मेहुण्याने दिला. पाटी काही माळ्यावर गेली नाही.

दोन हजार नऊच्या एप्रिलअखेर म्हेत्रे सर निवृत्त झाले. समारंभाला मलाही बोलावणं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, पुढच्या खुर्च्यांवर संस्थेची माणसं, मधोमध गड्डम वकील. मी मागे गणिताच्या सरांशेजारी बसलो. हार झाले, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग सर बोलायला उठले. त्यांच्या हातात कागद नव्हता.

आधी त्यांनी मुलींचे आभार मानले, मग भीमेचे. मग ते म्हणाले, "आता मी नोकरीत नाही. त्यामुळे एक गोष्ट सांगायला हरकत नाही. गेली आठ वर्षं मला वाचता येत नाही. या शाळेत मी जे काही शिकवलं, ते शमीमबाईंच्या डोळ्यांनी. रोज तिसऱ्या तासाला. तो तास आधी कटगावकर सरांनी दिला, आणि मग तो मोडला तेव्हा एका परक्या माणसाने परत बसवला. त्याला त्यात काय सोसावं लागलं ते मला येमूल बाईंनी फार उशिरा सांगितलं." मग ते हात जोडून खाली बसले, आणि बसताना खुर्ची कुठे आहे हे त्यांना जवळ उभ्या असलेल्या एका मुलीने हलकेच दाखवलं.

मुजावर बाई चष्मा पुसत होत्या. मग मागच्या रांगेतल्या मुलींनी सुरुवात केली आणि टाळ्या थांबेचनात. मी पुढे बघत होतो. गड्डम वकिलांची पाठ मला दिसत होती. ती हलली नाही.

चहाच्या वेळी मी सटकायच्या बेतात होतो. वकीलसाहेब गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कपाला हात न लावता त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. या वेळी भुवयांकडे नाही.

"तेव्हा मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं असं तुम्हाला वाटलं?"

"नियमाप्रमाणे केलं असतं," मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले. "तेच केलं असतं." मग त्यांनी विचारलं, "माझ्या बाकीच्या सहा शाळांत असे किती कोरे रकाने असतील?"

"माहीत नाही साहेब. एकेकाला विचारावं लागेल."

त्यांनी मान हलवली. पटांगणाच्या पलीकडे सरांभोवती मुलींचा गराडा पडला होता, तिकडे त्यांनी एकदा बघून घेतलं.

"सोमवारपासून विचारायला लागा," ते म्हणाले. "आणि मला काही सांगू नका."